पहिला पेला

मावशींनी गळ्यातली दोरी मानेवरून काढली, तिला बांधलेली टाकीची किल्ली तळहातावर घेतली आणि हात साहेबांच्या पुढे केला.

"टेबलावर ठेवा," साहेब म्हणाले.

आवाज मऊ होता. आजारी माणसाला 'पडून राहा' म्हणावं, तसं ते म्हणाले. मावशींनी किल्ली टेबलावर ठेवली.

"रोज पुसायची असते, साहेब. नाहीतर गंजते. गंजलेली किल्ली नेमकी नडीच्या वेळी कुलपात मोडते."

साहेबांनी खिशातून इस्त्रीचा रुमाल काढला, किल्ली त्यात धरली, एका बाजूने पुसली, मग उलटी करून दुसऱ्या बाजूने पुसली. माणूस ऐकणारा आहे, असं मावशींना वाटलं आणि त्यांना बरंही वाटलं. किल्ली ड्रॉवरमध्ये गेली. रुमाल मात्र खिशात परत गेला नाही. तो दोन बोटांत धरून साहेबांनी टेबलाखालच्या कचऱ्याच्या टोपलीत सोडला.

मावशींनी टोपलीकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर महिन्यापूर्वी नवी पाटी लागली होती. 'जिथे स्वच्छता, तिथे ईश्वर.'

"तुमच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही, बाई," साहेब म्हणाले. "पण तुम्हीच विचार करा. वर्षभर गटारात असणारे हात गावाच्या पिण्याच्या पाण्यात घालायचे. लोकांना कळलं तर काय म्हणतील?"

"लोकांना ठाऊक आहे, साहेब. बावीस वर्षं ठाऊक आहे. आम्ही उतरायच्या आधी तीनदा धुतो."

"धूत असाल. दिसत नाही ना."

आणि खरोखरच दिसत नव्हतं. गटारांच्या झाकणांना डांबर लावून लावून त्यांच्या नखांच्या कडा कायमच्या काळ्या झाल्या होत्या. बोटांच्या भेगांतही तोच काळा रंग बसला होता. तो कातडीवर नव्हता, कातडीत होता. त्यावर साबण चालत नव्हता, चालली असती ती फक्त सुरी.

पाणीखात्यात साहेब आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी रोज सकाळी सगळ्यांची नखं तपासायला सुरुवात केली. हात पुढे, पालथे, उताणे. हेडक्लार्क तर फाइली उराशी कवटाळून यायला लागले, म्हणजे बोटं झाकली जातील. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते कार्यालयात रोज दहाच्या ठोक्याला व्हायचं. पण माणूस वाईट नव्हता, हे मावशीही कबूल करत. कुणावर ओरडत नव्हता, कुणाकडून काही घेत नव्हता. त्याचा विश्वास इतकाच होता की ज्याचा हात स्वच्छ, त्याचं मन स्वच्छ, आणि ज्याची नखं काळी, त्याच्याबद्दल जरा सांभाळून असावं.

मावशी कार्यालयाच्या पायऱ्या उतरल्या. सवयीने हात गळ्याशी गेला. तिथे काही नव्हतं. बावीस वर्षांत दोरीने मानेवर एक पुसट रेघ पाडली होती, तिच्यावरून बोट फिरवत त्या घरापर्यंत चालत गेल्या.

गावात त्यांना दोन नावं होती. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस त्या गटारमावशी होत्या. एक दिवस, म्हणजे ज्या दिवशी गावाची उंच टाकी रिकामी करून आतून घासली जायची, त्या दिवशी लोक त्यांना टाकीमावशी म्हणत. हे काम आधी त्यांच्या नवऱ्याचं. तो गेल्यावर टोळी त्यांच्याकडे आली. टोळी म्हणजे त्यांचे धाकटे दीर, सून आणि लंबू नावाचा एक उंचच उंच, अबोल गडी. टाकी धुऊन झाली की गावाला जाणारं पाणी सोडण्याआधी टाकीखालच्या नळाला एक काचेचा पेला भरायचा आणि टाकीतून जो सर्वांत शेवटी बाहेर आला असेल, त्याने तो सगळ्यांसमोर प्यायचा. नवऱ्याने घालून दिलेली ही रीत. त्या एका दिवशी भाजीवालीपासून डॉक्टरांपर्यंत सगळे मावशींच्या हाताकडे बघत आणि कुणाच्या कपाळाला आठी पडत नसे. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस मावशी त्या एका दिवसाच्या जोरावर काढत होत्या. आता तो दिवसच ड्रॉवरमध्ये बंद झाला होता.

घरी सून भांडी घासत होती. किल्ली गेल्याचं ऐकून तिने भांडं आपटलं.

"मी दोन वर्षांपूर्वीच म्हटलं होतं, आई. पांढरे कपडे शिवून घेऊ. पायात बूट घालू. तुम्ही म्हणालात, पाण्याला कपडे कळत नाहीत."

"कळत नाहीतच."

"साहेबांना कळतात ना! तुमची ही नखं, हा डोक्याचा रुमाल... तुमच्यामुळे काम गेलं आपलं."

बोलून झालं आणि ती पुन्हा भांडी घासायला लागली. सुनेला शब्द परत घ्यायचे होते, पण ते कसे घेतात हे तिला येत नव्हतं. मावशी खिडकीशी जाऊन बसल्या. त्यांनी ब्रश घेतला आणि नखं घासायला सुरुवात केली. घासून घासून बोटांची टोकं लाल झाली, आणि त्या लालीत काळ्या कडा आणखीनच उठून दिसायला लागल्या. त्यांना स्वतःचाच राग आला. एवढ्या वर्षांत आपले हात लपवावेत असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतर आठवडाभर घरात बोलणं नव्हतं. मीठ कुठे आहे आणि दार लावलं का, एवढंच.

टाकी धुण्याच्या दिवशी जायचं नाही असं ठरवूनही मावशी सकाळी सातला टाकीच्या आवारात हजर होत्या. हातात स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला काचेचा पेला होता.

"तो कशाला आणलात?" सुनेने विचारलं. तीही मागोमाग आलीच होती.

"सवयीने आला."

साहेबांनी टाकीचं काम दिलेल्या कंपनीची गाडी आली. सुपरवायझर उतरला, मागोमाग सहा जण उतरले आणि गाडीमागून कपडे चढवून आले. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, हातमोजे पांढरे, बूटसुद्धा पांढरे. साहेबांचा चेहरा फुलला. बघायला जमलेल्या लोकांनीही 'वा' केलं. मावशींनी मात्र ते पांढरे कपडे चढताना पाहिले होते. ते रस्त्यावरच्याच कपड्यांवरून चढले होते. आवाराच्या कोपऱ्यात दोन नळांची न्हाणी होती, तिच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. मग गाडीतून थर्मास निघाला. सहाही जण मजेत दोन दोन कप चहा प्यायले, वर पाणी प्यायले, आणि चौसष्ट पायऱ्या चढून टाकीच्या झाकणातून एकेक करत आत उतरले.

चहा बघून मावशी उठल्या. त्या साहेबांकडे दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. आपण काही बोललो तर लोक म्हणतील, हिचं काम गेलं म्हणून हिचा जळफळाट चाललाय. त्या परत येऊन भिंतीशी बसल्या.

"वहिनी," दीर शेजारी बसत हळूच म्हणाले, "दोन कप."

"पाहिलं मी."

पाच तास आतून यंत्रांचा आवाज येत राहिला. पाच तासांत एकही पांढरा माणूस खाली उतरला नाही. मावशी पायऱ्यांवरची नजर हलवत नव्हत्या. दुपारी बाराच्या सुमारास सगळे बाहेर आले, पंपाने टाकीत हातभर पाणी चढवलं गेलं आणि साहेब नळाशी येऊन उभे राहिले. त्यांनी छोटंसं भाषण केलं. स्वच्छतेत ईश्वर आहे, तो आज आपण डोळ्यांनी पाहिला, असं काहीसं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर निवृत्त मास्तरांनी काठी उंचावली. दरवर्षी ते पहिल्या रांगेत असत.

"ते सगळं झकास. पण पहिला पेला कोण पिणार?"

साहेबांना काही कळेना. तेव्हा मावशी उठल्या. नळाशेजारी साहेबांसाठी एक टेबल मांडलं होतं, त्यावर हारतुरे नव्हते पण पांढरं कापड होतं. मावशींनी फडकं सोडलं आणि पेला त्या टेबलावर ठेवला. साहेबांच्या हातात दिला नाही.

"टाकीतून जो शेवटी बाहेर येतो, तो पहिला पेला पितो," त्या म्हणाल्या. "मग गावाचं पाणी सोडायचं. आमची रीत आहे. तुम्हाला पटली तर बघा."

साहेबांना रीत पटली. इतकी पटली की त्यांनी स्वतःच पेला उचलला, नळ सोडून काठोकाठ भरला आणि उन्हात धरला. पाणी नितळ दिसत होतं. त्यांनी तो कंपनीच्या सुपरवायझरपुढे केला.

"मी कुठे आत होतो?" सुपरवायझर हसला. "मी खालीच होतो. शेवटी हा आला बाहेर."

त्याने बोट दाखवलेला तरुण पेल्याकडे बघून एकदम आपल्या बुटांकडे बघायला लागला.

"घ्या," साहेब म्हणाले.

"मी बाहेरचं पाणी पीत नाही, साहेब."

"बाहेरचं? अहो, तुम्हीच धुतलेल्या टाकीचं आहे."

"माझ्याकडे बाटली आहे."

साहेबांनी पेला दुसऱ्यापुढे धरला. दुसऱ्याचा घसा दुखत होता. तिसऱ्याने मान नुसतीच हलवली. चौथा गाडीच्या दिशेने चालायला लागला होता. आवारातले लोक पुढे सरकले. साहेबांनी लोकांकडे पाहिलं, मग पेल्याकडे पाहिलं.

"ठीक आहे. मी पितो," ते म्हणाले आणि पेला त्यांनी ओठांशी नेला.

"थांबा, साहेब!"

मावशी इतक्या मोठ्याने ओरडल्या की टाकीखालची कबुतरं उडाली. साहेब थांबले.

"आत काय झालं ते त्यांना माहीत आहे. तुम्हाला नाही. तुम्ही कशाला पिता?"

साहेबांनी पेला खाली घेतला. त्या तरुणाकडे वळून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "काय झालं आत?"

तरुणाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"पाच तास होतो, साहेब," तो म्हणाला. "शिडी एकच. आणि खाली चौसष्ट पायऱ्या."

क्षणभर कुणालाच अर्थ लागला नाही. मग मागच्या रांगेतून कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं आणि अर्थ सगळ्यांना एकदमच लागला.

"दिसतं तसं नसतं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी नाकाला रुमाल लावला.

साहेबांनी पेला नळाखालच्या चरात ओतला. स्वतःच्या हाताने नळ बंद केला. गावाचा मोठा व्हॉल्व्ह अजून उघडला नव्हता, हे त्यांनी दोनदा जाऊन पाहिलं. त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर पाठीच्या बाजूला घामाचा मोठा डाग उमटला होता. कंपनीची गाडी केव्हा गेली हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. साहेब मावशींसमोर येऊन उभे राहिले तेव्हा त्यांना कुठे बघावं ते कळत नव्हतं.

"आज पुन्हा धुता येईल, बाई?"

"आज नाही. उतरायच्या आदल्या संध्याकाळपासून आम्ही पोटात पाण्याचा थेंब घेत नाही. चहा तर लांबच. टाकीत चार तास राहायचं, तर आधी पोट ऐकायला हवं. उद्या सकाळी."

"एक दिवस गावाला पाणी..."

"कळ सोसेल गाव. वाईट पाण्यापेक्षा तहान बरी."

साहेबांनी मान हलवली. मग ते म्हणाले, "मी येऊ? आत? मला बघायचंय."

दीर मावशींकडे बघायला लागले. सून साहेबांकडे बघायला लागली. मावशींनी साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, बाजारात वांगं निवडावं तसं.

"संध्याकाळी सातनंतर पाणी पिऊ नका," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले तेव्हा त्यांचे ओठ सुकलेले होते. म्हणजे नियम पाळला होता. आवारात कालच्या दुप्पट माणसं जमली होती. घरोघरच्या घागरी रिकाम्या होत्या, आणि तहानलेलं गाव घरात बसत नाही.

न्हाणीत एकामागून एक धुणं चाललं होतं. पहिलं पाणी अंगाचा मळ काढायला, दुसरं साबणाचं, तिसरं साबण काढायला. त्यानंतर उकळून वाळवलेले कपडे. साहेब तिन्ही पाणी घेऊन, दिरांचा उकळलेला सदरा घालून बाहेर आले. घोळदार सदऱ्यात ते अगदीच पोरसवदा दिसत होते. खिशातली किल्ली आणि हातातलं घड्याळ त्यांनी कट्ट्यावर काढून ठेवलं होतं.

"नखं," मावशी म्हणाल्या.

साहेबांनी हात पुढे केले. पालथे केले, उताणे केले. लोकांत खसखस पिकली. हेडक्लार्क गर्दीत होते, ते तर फाइल नसतानाही तोंड लपवत हसले.

"अंगठी?"

"ती निघत नाही, बाई. घट्ट बसलीय."

मावशींनी त्यांचा हात सरळ आपल्या हातात घेतला. काळ्या भेगांच्या बोटांत ती गोरी, गुळगुळीत बोटं धरली, साबण लावला आणि अंगठी गोल गोल फिरवत बाहेर काढली. अंगठीखाली बोटाभोवती पांढऱ्या, चिकट मळाचं कडं होतं. कित्येक वर्षांचं असावं. साहेब त्याच्याकडे बघतच राहिले.

"रोज धुतो मी हात," ते म्हणाले. "दहादा धुतो."

"अंगठी घालून धूत असाल. असू दे, निघतो तो. आमच्यासारखा नाही."

त्यांनी ब्रशने ते बोट घासलं. मग दुसरं, मग दहाही. साहेब लहान मुलासारखे उभे राहिले. मावशींना मनातून हसू येत होतं, पण हात थांबत नव्हता. आपल्या हातांची त्यांना आठवडाभर वाटलेली लाज त्या फेसाबरोबर कुठे गेली, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"झालं?" साहेबांनी विचारलं.

"अंग झालं. आता तोंड."

"दातही घासले मी."

"तसं नाही. खाली उतरणाऱ्याची दोरी वर कुणाच्या तरी हातात असते. त्या दोघांत काही राहिलेलं असेल तर ते आधी बोलून टाकायचं. मनात अढी ठेवून दोरी धरता येत नाही आणि दोरीला लटकताही येत नाही. आमचे हे म्हणायचे, आतला मळ टाकीत न्यायचा नाही."

मग त्यांनी सुनेला हाक मारली. "तू आधी."

सून पुढे आली. कमरेला दोरी बांधलेली होती, तिचं दुसरं टोक मावशींच्या डाव्या हातात होतं. तिने एकदा लोकांकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

"तुमच्यामुळे काम गेलं म्हणाले मी. खोटं होतं ते. मला राग साहेबांचा आला होता, काढला तुमच्यावर."

"मीही आठवडाभर तुला पाण्यात पाहिलं," मावशी म्हणाल्या. "चुकलंच माझं. जा, उतर. आणि शिडीमागचा कोपरा विसरू नकोस."

सून झाकणाच्या दिशेने पायऱ्या चढायला लागली, ती जवळजवळ पळतच. तिच्या मागे लंबू गेला. त्याची दोरी दिरांकडे होती आणि लंबूचं जगात कुणाशीच भांडण नव्हतं. आता साहेबांची पाळी होती. त्यांच्या दोरीचं टोक मावशींनी उजव्या हाताला गुंडाळलं आणि त्या थांबल्या. त्यांना घाई नव्हती. गर्दीलाही नव्हती.

साहेबांनी घसा खाकरला. घसा कोरडा होता.

"किल्ली," ते म्हणाले. "त्या दिवशी मी ती रुमालाने पुसली. तुम्हाला वाटलं असेल गंजासाठी."

"वाटलं होतं. घटकाभर."

"गंजासाठी नव्हती पुसली."

"टोपली पाहिली मी, साहेब."

साहेबांनी मावशींकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. मोठ्या खुर्चीवर बसणारा माणूस गावादेखत असा उभा राहतो, हे मावशींनी आजवर पाहिलं नव्हतं.

"माझं चुकलं, मावशी," ते म्हणाले. आजवर ते त्यांना बाई म्हणत आले होते.

"झालं तर मग," मावशी म्हणाल्या. "चला. पायरी निसरडी आहे, कठडा धरा."

वर झाकणाशी मावशी बसल्या. डाव्या हातात सून, उजव्या हातात साहेब. आत अंधूक उजेड होता आणि वरून कुणी दिसत नव्हतं, पण त्यांना दिसायची गरजही नव्हती. त्या ब्रशांचे आवाज ऐकत होत्या. भिंतीवर बुळबुळीत थर असला की ब्रश ओला, जड आवाज करतो. थर निघाला की आवाज कोरडा होतो, खरखरीत. सुनेचा ब्रश झपाझप कोरडा होत होता. लंबूचा संथ, पण पक्का. तिसरा ब्रश मात्र कुरवाळत होता.

"साहेब," मावशींनी खाली तोंड घालून हाक मारली. "भिंत आहे ती, मांजर नाही. जोर लावा."

आतून सुनेचं हसू घुमलं. टाकीत हसू मोठं होतं. पाठोपाठ साहेबांचंही आलं, आणि तिसऱ्या ब्रशचा आवाज बदलला.

चार तासांनी उजव्या हाताच्या दोरीला एकच हिसका आला. काम संपल्याची खूण. आधी लंबू बाहेर आला, मग सून. साहेबांना शिडी चढायला वेळ लागला. त्यांचे गुडघे सोलवटले होते, केसांना गाळ लागला होता. त्यांनी झाकणातून डोकं काढलं तेव्हा खालच्या गर्दीने एकच आरोळी ठोकली. त्यांना आरोळीचं कारण समजेना.

"शेवटी तुम्ही आलात," सून त्यांना म्हणाली. "पेला तुमचा."

पंपाने टाकीत पाणी चढवलं. नळाशी टेबल नव्हतं, ते सकाळीच कुणीतरी हलवलं होतं. मावशींनी फडकं सोडलं, पेला नळाखाली धरला, भरला आणि साहेबांपुढे केला. साहेबांनी तो त्यांच्या हातातून घेतला. घेताना दोघांची बोटं एकमेकांना लागली. काल संध्याकाळपासून त्या माणसाच्या घशाखाली थेंब गेला नव्हता. त्याने पेला तोंडाला लावला आणि खाली आणला तेव्हा तो रिकामा होता.

"आणखी मिळेल?" त्यांनी विचारलं.

मग जे झालं, ते गाव अजून सांगतं. टाळ्या पडल्या, घागरी वाजल्या, मास्तरांनी काठी हवेत फिरवली आणि ती हेडक्लार्कांच्या टोपीला लागली. दिरांनी लंबूला उचलायचा प्रयत्न केला, तो जमला नाही, तेव्हा लंबूनेच दिरांना उचललं. सून मावशींच्या गळ्यात पडून रडली आणि तिने मावशींचे हात, तेच ते काळ्या नखांचे हात, आपल्या दोन्ही गालांना लावून घेतले. मावशींना वाटलं, छाती फुटेल की काय आनंदाने. टाकीमावशी, टाकीमावशी, असा पोरांनी गलका केला.

गलका ओसरल्यावर साहेब कट्ट्याशी गेले. घड्याळ आणि अंगठी तिथेच राहू दिली. किल्ली उचलली, दोरीसकट, आणि तळहातावर ठेवून हात मावशींपुढे केला. टाकीतला काळा गाळ त्यांच्या दहाही नखांत जाऊन बसला होता. काळ्या रेघा दुरूनसुद्धा दिसत होत्या.

मावशींनी नखं पाहिली. मग किल्ली घेतली. डोक्याचा रुमाल सोडला, किल्ली त्यात धरली, एका बाजूने पुसली, मग उलटी करून दुसऱ्या बाजूने पुसली आणि गळ्यात घातली.

साहेब बघत होते. त्यांची नजर मावशींच्या हातातल्या रुमालावर होती.

मावशींनी तोच रुमाल झटकला, डोक्याला पुन्हा बांधला आणि गाठ घट्ट केली.

"व्हॉल्व्ह उघडा, साहेब," त्या म्हणाल्या. "गाव तहानलंय."